पैसे भरण्याआधी: कोकणात राहून आयटीचं प्रमाणपत्र कसं निवडावं

मे सरत आला, आंब्याची शेवटची पेटी रवाना झाली, की कुडाळ तालुक्यातल्या आमच्या घराच्या पडवीत मुलं यायला लागतात. कुणाचा बीएस्सी आयटीचा निकाल लागायचा असतो, कुणी मालवणच्या किंवा रत्नागिरीच्या शासकीय तंत्रनिकेतनातून डिप्लोमा घेऊन आलेली असते, कुणी आयटीआयला कोपा (संगणक चालवण्याचा आणि प्रोग्रॅमिंगचा अभ्यासक्रम) केलेलं असतं. गेल्या वर्षी एक मुलगा वडिलांना घेऊन आला. हातात रंगीत माहितीपत्रक.

"काकानू, ह्यो क्लाऊडचो कोर्स करू काय? साठ हजार सांगतत."

"पैशे भरलंस?"

"नाय. उद्या भरूचे आसत."

त्या दुपारी आम्ही तिघं जे बोललो तेच इथे सविस्तर लिहितो आहे. मी बरीच वर्षं ठाण्यात आणि पुण्यात नेटवर्क आणि क्लाऊडचं, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या संगणकांचं, काम केलं. २०२० पासून तेच काम गावातून करतो. मुलाखतींना मी दोन्ही बाजूंनी बसलो आहे. माझं म्हणणं एकच आहे, आणि ते क्रमाबद्दल आहे. आधी काम ठरवायचं, मग त्या कामाच्या परीक्षेचा अभ्यासक्रम वाचायचा, मग हाताने ते काम करून पाहायचं, आणि पैसे सगळ्यात शेवटी भरायचे. बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा होतो. आधी पैसे जातात आणि वर्षभराने मुलगा विचारतो, की आता यावर नोकरी कसली मिळते?

पहिला आठवडा: फक्त जाहिराती वाचा

एक शंभर पानी वही घ्या. नोकरीच्या एक-दोन संकेतस्थळांवर जाऊन पुणे, मुंबई, गोवा आणि घरून काम अशा चार ठिकाणच्या, ० ते २ वर्षं अनुभवाच्या पंचवीस-तीस जाहिराती शोधा. प्रत्येक जाहिरातीतलं कामाचं नाव, मागितलेली कौशल्यं आणि प्रमाणपत्राचा उल्लेख वहीत उतरवा. तेच नाव पुन्हा आलं की समोर एक रेघ मारा. गवंडी विटा मोजतो तसं.

तिसाव्या जाहिरातीपर्यंत चित्र स्पष्ट होतं. नेटवर्कच्या कामात सीसीएनए (सिस्को कंपनीचं नेटवर्कचं प्रमाणपत्र) हे नाव सारखं दिसेल. सर्व्हर सांभाळण्याच्या कामात लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम दिसेल. टेस्टिंगच्या, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याच्या, कामात आयएसटीक्यूबी हे प्रमाणपत्र अधूनमधून दिसेल. प्रोग्रॅमरच्या जाहिरातींत मात्र प्रमाणपत्र जवळजवळ नसतंच. तिथे जावा, पायथन, एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) आणि 'तुम्ही केलेलं काम दाखवा' असं लिहिलेलं असतं. 'असायलाच हवं' आणि 'असेल तर बरं' या दोन रकान्यांकडे नीट पाहा. साठ हजारांचं प्रमाणपत्र दुसऱ्याच रकान्यात दिसत असेल, तर त्यासाठी कर्ज काढायचं का, हा प्रश्न तिथेच सुटतो.

जवळपासही पाहा. आपल्याकडे आयटीची नोकरी म्हणजे हिंजवडीच, असं धरून चालतात. पण लोटे-परशुरामच्या कारखान्यांत, सहकारी बँकांच्या शाखांत, इस्पितळांत, मालवण-तारकर्लीच्या हॉटेलांत, महाविद्यालयांत कुणीतरी नेटवर्क, कॅमेरे, सर्व्हर आणि बॅकअप सांभाळतच असतं. ही कामं जाहिरातीत येत नाहीत, ओळखीतून कळतात. म्हणून त्यातल्या दोघा-तिघांना भेटून विचारा, की दिवसभर नेमकं काय करता?

कोणत्या कामाला कोणता कागद

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

दुरुस्ती आणि सपोर्टपासून सुरुवात करायची असेल, तर कॉम्प्टिया या संस्थेचं ए-प्लस हे जगभर ओळखलं जाणारं पहिलं प्रमाणपत्र आहे. त्याच्या दोन वेगवेगळ्या परीक्षा असतात आणि शुल्कही दोनदा भरावं लागतं. ही गोष्ट माहितीपत्रकात बारीक अक्षरात असते. आपल्याकडच्या जाहिरातींत ए-प्लसचं नाव फारसं येत नाही. म्हणून माझा सल्ला असा: त्याचा अभ्यासक्रम पूर्ण वाचा, कारण तो उत्तम आहे, पण परीक्षेचे पैसे नेटवर्कच्या प्रमाणपत्रासाठी राखून ठेवा.

नेटवर्कसाठी सिस्कोचं सीसीएनए. परीक्षेचा क्रमांक २००-३०१, वेळ १२० मिनिटं, शुल्क ३०० डॉलर, मुदत ३ वर्षं. कर धरून रुपयांत हा आकडा पंचवीस हजारांच्या पुढे जातो. एवढे पैसे एका परीक्षेत घालायचे का? नेटवर्कचं काम करायचं पक्कं असेल, तर हो. पहिल्या नोकरीसाठी ज्या मोजक्या प्रमाणपत्रांची किंमत वसूल होते असं मी छातीठोकपणे सांगेन, त्यातलं हे एक. कारण याच्या अभ्यासात शिकलेलं सबनेटिंग (मोठं जाळं तुकड्यांत विभागणं) आणि राउटिंग (माहितीला वाट दाखवणं) पुढे क्लाऊडमध्येही जसंच्या तसं लागतं.

लिनक्ससाठी रेड हॅटचं आरएचसीएसए. या परीक्षेत बहुपर्यायी प्रश्नच नसतात. समोर यंत्र, हातात कामांची यादी. वापरकर्ते तयार करा, डिस्कचे भाग पाडा, सेवा सुरू करा. ३०० पैकी २१० गुण लागतात. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर तुम्ही केलेली मांडणी टिकली नाही, तर गुण मिळत नाहीत. म्हणूनच मुलाखत घेणारे या कागदाकडे आदराने पाहतात. हा पाठांतराने मिळत नाही.

क्लाऊडमध्ये दोन मोठी दुकानं आहेत, ॲमेझॉनचं एडब्ल्यूएस आणि मायक्रोसॉफ्टचं अझूर. दोन्हीकडे एक ओळखीची परीक्षा आणि तिच्यावर कामाची परीक्षा अशी रचना आहे. एडब्ल्यूएसची ओळखीची परीक्षा क्लाऊड प्रॅक्टिशनर, शुल्क १०० डॉलर; कामाची परीक्षा सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट, शुल्क १५० डॉलर, ६५ प्रश्न, १३० मिनिटं. अझूरची ओळख एझेड-९००, कामाची एझेड-१०४. मायक्रोसॉफ्ट देशानुसार दर ठरवते, त्यामुळे भारतात ती परीक्षा तुलनेने स्वस्त पडते. ओळखीच्या परीक्षेवर नोकरी मिळत नाही, हे स्पष्ट सांगतो. शेतीत पाऊल ठेवण्याआधी बांधावरून फिरून यावं, तेवढाच तिचा उपयोग. वाणिज्य शाखेतून येणाऱ्यांनी ती जरूर द्यावी, नेटवर्क आणि लिनक्स येत असलेल्यांनी सरळ वरची द्यावी. आणि दोन दुकानांतलं एकच निवडा. कुठलं, ते तुमच्या वहीतल्या रेघा सांगतील.

सायबर सुरक्षेचं आकर्षण सध्या सगळ्यात जास्त आहे आणि फसवणूकही तिथेच जास्त दिसते. 'हॅकर बना' अशा जाहिरातींना भुलून मुलं येतात. ज्याला नेटवर्क म्हणजे काय हे माहीत नाही, तो नेटवर्कचं रक्षण कसं करणार? आधी नेटवर्क, मग लिनक्स, त्यानंतर कॉम्प्टियाचं सिक्युरिटी-प्लस: जास्तीत जास्त ९० प्रश्न, ९० मिनिटं, ९०० च्या मापावर ७५० गुण. सीईएच (एथिकल हॅकिंगचं प्रमाणपत्र) हे प्रसिद्ध नाव आहे, पण महाग आहे. अधिकृत प्रशिक्षण न घेता त्या परीक्षेला बसायचं, तर या क्षेत्रातला २ वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. सीआयएसएसपी या सुरक्षेतल्या वरच्या प्रमाणपत्राला तर ५ वर्षांचा अनुभव लागतो. कुणी बारावीनंतरच्या मुलाला सीआयएसएसपीचा कोर्स विकत असेल, तर तिथून उठून या.

टेस्टिंगसाठी आयएसटीक्यूबीचा फाउंडेशन स्तर: ४० प्रश्न, ६० मिनिटं, २६ बरोबर आले की उत्तीर्ण, आणि प्रमाणपत्राला मुदत नाही. एका महिन्याच्या नेटक्या अभ्यासात होणारी परीक्षा आहे. ज्यांना कोड लिहिण्याची धास्ती वाटते पण बारकाईने पाहण्याची सवय आहे, त्यांच्यासाठी हा चांगला रस्ता आहे. आमच्या ओळखीतल्या दोन मुली याच रस्त्याने पुण्यात लागल्या.

प्रोग्रॅमिंगसाठी मी कुठलंही परदेशी प्रमाणपत्र सुचवत नाही. त्याऐवजी अभियांत्रिकी किंवा एमसीए झालेल्यांनी सी-डॅकच्या पीजी-डॅक या सहा महिन्यांच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमाचा विचार करावा. प्रवेश सी-कॅट या परीक्षेतून होतो, शुल्क कर धरून लाखाच्या आसपास जातं, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत मान मोडून काम करावं लागतं. पुण्या-मुंबईत राहण्या-जेवणाचा खर्च वेगळा धरा. पण संस्था केंद्र सरकारची आहे आणि कंपन्या तिथे निवडीसाठी येतात.

प्रकल्प व्यवस्थापनाचं पीएमपी पहिल्या नोकरीसाठी नाहीच. पदवीधराला ३६ महिने प्रकल्प सांभाळल्याचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण दाखवावं लागतं. दहा वर्षं नोकरी झालेल्या दादा-ताईंनी ते पाहावं.

सरकारी भरतीचं गणित वेगळं आहे. एमकेसीएलचं एमएस-सीआयटी आपल्या घराघरात पोचलं आहे आणि अनेक शासकीय पदांना ते लागतंही, पण ते संगणक-साक्षरतेचं प्रमाणपत्र आहे. 'एमएस-सीआयटी केला, आता आयटीत लागेल' असं आई-वडील मोठ्या आशेने म्हणतात तेव्हा हा फरक त्यांना समजावून सांगणं हे आपलं काम आहे. सरकारी तांत्रिक पदांसाठी नायलिट या केंद्र सरकारच्या संस्थेचा ओ-लेव्हल पाहा. भरतीच्या जाहिरातीत जे नाव छापलं असेल, तेवढंच खरं.

नावं जुनी होतात

मायक्रोसॉफ्टने एमसीएसए आणि एमसीएसई ही प्रमाणपत्रं ३१ जानेवारी २०२१ रोजी बंद केली. तरीही अजून फलकांवर 'एमसीएसई' रंगवलेलं दिसतं. सिस्कोने फेब्रुवारी २०२० मध्ये सीसीएनएचे वेगवेगळे प्रकार मोडीत काढून एकच परीक्षा केली. 'सीसीएनए राउटिंग अँड स्विचिंग' शिकवतो म्हणणारा क्लास जुन्या टिपणांवर चाललेला असतो. कॉम्प्टियाही दर तीनेक वर्षांनी अभ्यासक्रम बदलतं. म्हणून प्रमाणपत्राचं नाव कळलं की पहिलं काम: ते देणाऱ्या मूळ संस्थेच्या संकेतस्थळावर जाऊन परीक्षेचा चालू क्रमांक, शुल्क आणि बंद होण्याची तारीख पाहणं. क्लासवाल्याच्या माहितीपत्रकातला क्रमांक त्याच्याशी जुळला नाही, तर तिथे पैसे भरू नका.

अभ्यासक्रमाचा कागद छापून घ्या

प्रत्येक मोठ्या परीक्षेचा अभ्यासक्रम फुकट मिळतो आणि त्यात प्रत्येक भागाचा वाटाही दिलेला असतो. सीसीएनएचंच घ्या: नेटवर्कची मूलतत्त्वं २० टक्के, नेटवर्क ॲक्सेस २०, आयपी कनेक्टिव्हिटी २५, आयपी सेवा १०, सुरक्षेची मूलतत्त्वं १५, ऑटोमेशन १०. कुडाळ किंवा रत्नागिरीच्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात वीसेक रुपयांत हा कागद हातात येतो. भिंतीला चिकटवा. प्रत्येक ओळीपुढे तीन खुणांपैकी एक करा: ऐकलेलं नाही, समजलं, हाताने केलं. तिसरी खूण ऐंशी टक्के ओळींपुढे होईपर्यंत परीक्षेची तारीख घेऊ नका.

हे मी अनुभवाने सांगतो. माझ्या पहिल्या सीसीएनएच्या वेळी मी एका क्लासला पैसे भरले होते. परीक्षेचं शुल्क त्या रकमेत नाही, हे मला शेवटच्या आठवड्यात कळलं. घरून पैसे मागवून घाईघाईत परीक्षेला बसलो आणि नापास झालो. व्हिडिओ सगळे पाहिले होते, पण राउटरवर आज्ञा टाइप करायला सांगितल्यावर बोटं थबकली. दुसऱ्यांदा पूर्ण शुल्क पुन्हा भरावं लागलं. त्या पैशांत तेव्हा आमच्या घराची कौलं परतून झाली असती. दुसऱ्या वेळी तीन महिने रोज रात्री फक्त सराव केला, आणि पास झालो.

फुकट आणि चांगलं

आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प फार कमी मुलांना माहीत आहे. लिनक्स, सी, जावा, पायथन अशा मुक्त सॉफ्टवेअरवरचे छोटे ध्वनिचित्र धडे तिथे आहेत आणि त्यातल्या पुष्कळ धड्यांना मराठी आवाज आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाने सुरुवात इथून करावी. संकल्पना आपल्या भाषेत एकदा डोक्यात बसली, की इंग्रजी पुस्तक निम्मं सोपं होतं.

त्यानंतर एनपीटीईएल. आयआयटी आणि आयआयएससीच्या प्राध्यापकांचे ४, ८ आणि १२ आठवड्यांचे अभ्यासक्रम, शिकणं मोफत, परीक्षा द्यायची तर केंद्रावर जाऊन आणि साधारण १,००० रुपयांत. स्वाध्यायांना २५ आणि परीक्षेला ७५ गुण. उत्तीर्ण व्हायला स्वाध्यायांत किमान १० आणि परीक्षेत किमान ३० लागतात. डेटाबेस, संगणक नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टिम यांपैकी दोन विषय जरी केले, तरी पदवीतल्या कच्च्या जागा भरून निघतात. कंपन्या याला व्यावसायिक प्रमाणपत्र मानत नाहीत, पण पाया पक्का आहे हे त्यांना कळतं.

सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीत नाव नोंदवलं की पॅकेट ट्रेसर मोफत मिळतं. त्यात राउटर, स्विच जोडून अख्खं जाळं पडद्यावर उभं करता येतं. मायक्रोसॉफ्ट लर्न आणि एडब्ल्यूएस स्किल बिल्डरवर त्या त्या परीक्षेचे अधिकृत धडे आहेत. एवढं सगळं संपवूनही अडत असेल, तेव्हाच क्लास शोधा. तोपर्यंत आपण कुठे अडतो ते तुम्हाला नेमकं सांगता येईल आणि क्लासवाल्याला प्रश्न विचारता येतील.

हात चालले पाहिजेत

८ जीबी रॅमचा जुना संगणक पुरतो. त्यावर व्हर्च्युअलबॉक्स (एका संगणकात आणखी संगणक चालवू देणारं सॉफ्टवेअर) टाका आणि दोन लिनक्स यंत्रं उभी करा. एकावर वेब सर्व्हर, दुसऱ्यावर डेटाबेस. मुद्दाम बिघडवा आणि दुरुस्त करा. क्लाऊडचं खातं उघडाल, तर पहिल्याच दिवशी खर्चाची सूचना लावा, काम झालं की यंत्र बंद करून पुसून टाका. रात्रभर चालू राहिलेल्या यंत्राचं बिल वडिलांच्या कार्डावर येतं.

सरावासाठी प्रकल्प मात्र आपल्या अंगणातला घ्या. मी त्या मुलाला सांगितलं, तुझ्या घरी हापूसचा धंदा आहे ना? ग्राहक, पेट्या, पेटीत डझन किती, भाव, गाडीभाडं, आलेले पैसे, राहिलेली बाकी यांचा डेटाबेस बनव. त्याच्या वडिलांकडे सात वर्षांच्या वह्या होत्या. त्यातली तीन वर्षं त्याने भरली. कुठल्या गिऱ्हाईकाची बाकी दरवर्षी पावसाळ्यापर्यंत लांबते, वाशीच्या बाजारात पाठवलेल्या पेटीत आणि थेट घरी पोचवलेल्या पेटीत हातात किती फरक राहतो, ही उत्तरं एसक्यूएलच्या एका ओळीत यायला लागली तेव्हा वडील खुर्ची ओढून शेजारी बसले. मुलाखतीत हे सांगणारा मुलगा अडखळत नाही, कारण हा हिशोब त्याच्या घरचा आहे. तोच डेटाबेस पुढे क्लाऊडवर चढवता येतो, त्याचा बॅकअप लावता येतो, कुणाला काय दिसावं याचे अधिकार ठरवता येतात. क्लाऊडच्या परीक्षेतले निम्मे विषय या एका कामात येऊन जातात.

प्रश्नाचं इंग्रजी

आपली मुलं विषयात कमी पडत नाहीत, प्रश्नाच्या वाक्यात अडकतात. एडब्ल्यूएसच्या प्रश्नांत चारही पर्याय चालण्यासारखे असतात आणि निकाल एका शब्दसमूहावर लागतो. 'मोस्ट कॉस्ट-इफेक्टिव्ह' विचारलं असेल तर सगळ्यात स्वस्त मार्ग हवा असतो. 'लीस्ट ऑपरेशनल ओव्हरहेड' विचारलं असेल तर माणसाला कमीत कमी हात लावावा लागेल असा. कॉम्प्टियाच्या प्रश्नांत 'फर्स्ट' आणि 'बेस्ट' हे शब्द असेच असतात. 'फर्स्ट' म्हणजे आधी काय कराल, शेवटी नव्हे. असे शब्द वहीच्या मागच्या पानावर मराठी अर्थासह लिहा आणि सराव-प्रश्न सोडवताना आधी तोच शब्द शोधून अधोरेखित करा.

आणखी एक उपयोगाची सोय: ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही आणि जे इंग्रजीतून परीक्षा देतात, त्यांना एडब्ल्यूएस ३० मिनिटं जादा देतं. पण ती मागणी तारीख घेण्याआधी खात्यात जाऊन नोंदवावी लागते. नंतर आठवून उपयोग नाही.

बाजारात 'खरे प्रश्न' म्हणून विकले जाणारे संच घेऊ नका. ते वापरणं परीक्षेच्या कराराचा भंग आहे. उघड झालं तर प्रमाणपत्र रद्द होतं आणि पुढे परीक्षेला बसायला बंदी येते. कुणी 'तुमच्या जागी आमचा माणूस बसेल' म्हणत असेल, तर त्याचा नंबर फोनमधून काढून टाका.

क्लासच्या दारात विचारायचे प्रश्न

पालकांनी सोबत जावं आणि हे प्रश्न स्वतः विचारावेत. १८ टक्के जीएसटी धरून एकूण रक्कम किती? परीक्षेचं शुल्क त्यात आहे का, आणि असेल तर व्हाउचर (शुल्क भरल्याचं परीक्षेचं कूपन) कधी हातात देणार? शिकवणाऱ्याकडे तेच प्रमाणपत्र आहे का? ते क्रेडलीसारख्या डिजिटल प्रमाणपत्रांच्या संकेतस्थळावर दुव्यावरून तपासता येतं, नुसती भिंतीवरची चौकट पुरेशी नाही. एकूण तासांपैकी यंत्रावर बसायचे तास किती? मध्येच सोडलं तर किती पैसे परत, आणि ते लेखी देता का? मागच्या तुकडीतल्या तिघांशी आत्ता फोनवर बोलता येईल का?

'शंभर टक्के नोकरीची हमी' हे शब्द ऐकले की ते पावतीवर लिहून मागा. बहुतेक ठिकाणी ते लेखी देताना 'नोकरीसाठी साहाय्य' होतात.

हप्त्यांबद्दल खास काळजी घ्या. 'आत्ता काहीच भरू नका, महिन्याला चार हजार' असं सांगून ज्या कागदावर सही घेतात, तो पुष्कळदा वित्त कंपनीच्या कर्जाचा असतो. पैसे क्लासला एकरकमी मिळतात आणि हप्ते तुमच्या नावावर उरतात. माझ्या माहितीतल्या एका मुलीचा क्लास चौथ्या महिन्यात बंद पडला. हप्ते पुढची दोन वर्षं चालूच राहिले, आणि एक हप्ता चुकल्यामुळे तिच्या भावाच्या शैक्षणिक कर्जाच्या वेळी प्रश्न विचारले गेले. कर्जाचा कागद असेल, तर घरी आणून वाचल्याशिवाय सही करू नका.

परीक्षा: केंद्रावर की घरी, आणि कोणत्या महिन्यात

यातल्या बऱ्याच परीक्षा पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीमार्फत होतात. केंद्रावर जाता येतं, आणि अनेक परीक्षा घरून कॅमेऱ्यासमोर बसूनही देता येतात. घरून द्यायची तर खोलीत एकटं असावं लागतं, टेबल रिकामं लागतं, खोलीचे फोटो पाठवावे लागतात, कुणी आत आलं तर परीक्षा थांबवली जाते. आपल्या घरांत हे सोपं नसतं. माजघरातून कुणीतरी येणारच. घरच्यांना आदल्या दिवशी नीट सांगा आणि दाराला आतून कडी लावा.

त्याहून मोठी अडचण वीज आणि नेटची. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या गावांना कितीतरी दिवस वीज नव्हती. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं, जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारात शिरलं. साध्या पावसातही एक फांदी तारेवर पडली की फीडर जातो. म्हणून जून ते सप्टेंबर घरून परीक्षा ठेवूच नका. माझ्या मते आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला: पाऊस नाही, गणपती-दिवाळी झालेली असते, आंब्याचं काम सुरू व्हायचं असतं. तेव्हाही इन्व्हर्टर चार्ज ठेवा, राउटर इन्व्हर्टरवर घ्या आणि त्यांच्या संकेतस्थळावरची यंत्र-चाचणी त्याच जागी, त्याच वेळेला दोनदा करून पाहा.

शक्य असेल तर मी केंद्रच सुचवतो. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं आणि गाड्या हळू धावतात, घाटात दरड कोसळली तर रस्ता बंद. त्यामुळे सकाळच्या परीक्षेसाठी रात्रीच्या गाडीवर अवलंबून राहू नका. आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचून नातेवाइकांकडे मुक्काम करा. एडब्ल्यूएसच्या परीक्षेची तारीख २४ तास आधीपर्यंत बदलता येते, तीही दोनदाच. नापास झालात तर १४ दिवस थांबावं लागतं. सीसीएनएला ५ दिवस. दोन्हीकडे शुल्क पुन्हा पूर्ण भरायचं असतं.

नावाचा घोळ आत्ताच मिटवा. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पॅनवर वडिलांचं नाव मध्ये, पासपोर्टवर आणखी वेगळी मांडणी. परीक्षेच्या खात्यातलं नाव आणि ओळखपत्रावरचं इंग्रजी नाव तंतोतंत जुळलं नाही, तर केंद्रावरून परत पाठवतात आणि पैसे जातात. पासपोर्ट असेल तर तोच वापरा आणि खातं उघडतानाच त्यावरची अक्षरं एकेक करून तशीच भरा.

पास झाल्यावर

डिजिटल बिल्ला मिळाला की त्याचा दुवा बायोडेटात आणि लिंक्डइनवर टाका, नुसता फोटो नको. दुव्यावर टिचकी मारून मुलाखत घेणाऱ्याला मुदत तिथेच दिसते. बायोडेटात प्रमाणपत्राच्या लगेच खाली, त्या ज्ञानावर केलेलं काम दोन ओळींत लिहा. एडब्ल्यूएसची एक परीक्षा पास झाल्यावर पुढच्या परीक्षेवर निम्मी सवलत मिळते. ती खात्यात असते, कुणी आठवण करून देत नाही.

मुदती वेगवेगळ्या आहेत. सीसीएनए, एडब्ल्यूएस, कॉम्प्टिया आणि रेड हॅट ३ वर्षं. मायक्रोसॉफ्टची एझेड-९०० संपत नाही, पण एझेड-१०४ वर्षभरच चालते. तिचं नूतनीकरण मोफत आणि घरबसल्या होतं, मुदत संपण्याआधीच्या ६ महिन्यांत कधीही. ते चुकलं, तर परीक्षा पहिल्यापासून आणि पैसेही पहिल्यापासून.

त्या मुलाने साठ हजारांचा कोर्स घेतला नाही. जूनमध्ये त्याने लिनक्सचे मराठी धडे सुरू केले, पावसाळाभर पॅकेट ट्रेसर आणि आंब्याचा डेटाबेस, दिवाळीनंतर सराव-प्रश्न, आणि जानेवारीत पुण्याला मावशीकडे राहून केंद्रावर परीक्षा दिली. प्रवास धरून खर्च तीस हजारांच्या आसपास आला. परवा त्यांच्या घरी गेलो होतो. ओटीवरच्या कालनिर्णयावर त्याच्या आईने जानेवारीच्या पानावर निकालाची तारीख लाल पेनाने गोल केली होती, आणि त्याखाली त्याच्या अक्षरात मुदत संपण्याचं वर्ष लिहिलेलं होतं.